नुसतं खेळतंय, लिहीत नाही!

आम्ही अंगणवाडीतल्या सेविका आणि मदतनीस. गेल्या महिन्यात एक आई वही घेऊन आमच्या दारात आली. वही शेजारच्या मुलाची, एबीसीडीनं भरलेली. म्हणाली, "ताई, माझा साडेतीन वर्षांचा झाला, तुमच्याकडं नुसता खेळतोय. लिहायला कधी शिकवणार?" उभ्या उभ्या आम्हाला नीट सांगता आलं नाही. ते आज सांगतो.

सकाळी मुलं आली की आधी चपला लावायच्या, डावी-उजवी ओळखून, जोडीनं. मग गोलात गप्पा. एरवी तोंड न उघडणारं पोर घरच्या शेळीला करडू झालं की पाच वाक्यं सलग बोलतं.

नंतर चिंचोके. एक मुलगी वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची. आम्ही म्हटलं, "तीन चिंचोके दे बरं." तिनं मूठभर दिले. म्हणजे तिला आकड्यांचं गाणं येत होतं, तीन म्हणजे किती ते कळलं नव्हतं. मग आम्ही तीन बाहुल्या जेवायला बसवल्या. एकीला एक ताट, एकीला एक चिंचोका. असं बरेच दिवस खेळल्यावर एकदा तीच म्हणाली, "ताई, एक कमी पडला." त्या दिवशी तिला गणित आलं, पाटी-पेन्सिल न घेता.

आता लिहिण्याचं. या वयात मनगटाची हाडं पुरती तयार झालेली नसतात, बोटांत जोर नसतो. म्हणून आम्ही माती मळायला देतो, मणी ओवायला देतो, कागद फाडून चिकटवायला देतो. पेन्सिल धरायची ती हीच बोटं. आधीच ओळी गिरवायला लावल्या तर हात दुखतो आणि वहीचा कंटाळा येतो.

भातुकलीत तर घरोघरचं सगळं कळतं. "गॅस संपला, चूल पेटव," "पगार झाला का?" (आम्ही कुणाला सांगत नाही, काळजी करू नका.) त्यात मुलं वाटून घेतात, भांडतात, समजूतही घालतात.

ही आमची काही नवी टूम नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा खडे, शिंपले, पानं, बिया घेऊन त्यांनी मुलांच्या अंगणातच शाळा भरवली. सरकारची अंगणवाडी योजना आली १९७५ साली.

खरं सांगायचं तर वजनं, आहार, मोबाईलवरच्या नोंदी यांत आमचा खेळाचा तास कधी कधी आखडतो. त्याबद्दल तुम्ही जरूर बोला. पण खेळच नको, असं म्हणू नका.

त्या आईला आम्ही एक सकाळ वर्गात बसायला बोलावलं. मुलगा मणी ओवत होता. लाल, पिवळा, लाल, पिवळा. मध्ये चुकला, त्यानंच काढला, पुन्हा ओवला. ती बघत राहिली. जून महिन्यात त्याला इंग्रजी शाळेत घालायचं की नाही, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

तुम्हीही या, दहा वाजता. तोवर घरी एवढं करून बघा. जेवायच्या वेळी पोराला म्हणा, "आपण किती जण आहोत? तेवढी ताटं आण." कमी आणली तर लगेच सांगू नका. ताटाशिवाय कोण राहिलं, ते त्यालाच शोधू द्या.