साताऱ्याचा दरबार आणि दुसऱ्यांची मुलं

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं. वय पंचावन्न. मिशनचा पगार थांबला, आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ भरवला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही इथे यावा, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. जात आणि चर्चचा पंथही कुणी विचारायचा नव्हता. पुढे दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. संस्था म्हणून दरबार फार टिकला नाही. तरीही सातारा-सांगली भागातल्या ख्रिस्ती मुलांच्या कामाचा विषय निघाला की मला आधी हा दरबारच आठवतो, कारण त्याची रीत टिळकांच्या घरात आधीच तयार झाली होती.

हे घर मूळचं अहमदनगरचं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू त्यांच्यापासून तुटले. चार-पाच वर्षं त्या माउलीने नातलगांच्या आधाराने काढली. पुढे ती नगरला नवऱ्याकडे आली आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाली. जिच्या माहेरी वडिलांचं सोवळं साऱ्या घराला जाच व्हावं इतकं कडक होतं, तीच बाई आता जातीपातीचा विचार न करता पोरक्या पोरांना जेवू घालू लागली. मला हा बदल टिळकांच्या धर्मांतराहून मोठा वाटतो. प्रवचन पुरुष करतो. पोराची उलटी बाई काढते.

याच घरात बालकवी राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने सगळ्यांना चकित केलं आणि ‘बालकवी’ हे नाव मिळवलं. पुढे टिळकांनी त्याला नगरच्या घरी ठेवून घेतलं. पोर हळवं, हट्टी, घटकेत रुसणारं. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली, त्याच्या लहरी सोसल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात ते सगळं काही न लपवता लिहूनही ठेवलं. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. घरातलं त्यांचं ताट त्यामुळे हललं नाही. आजच्या चर्चमधल्या तरुण संघाच्या प्रत्येक पुढाऱ्याने ही गोष्ट नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. मुलगा आपल्या मनासारखा घडेल की नाही हे ठाऊक नसताना त्याला घरात ठेवायला फार मोठी श्रद्धा लागते.

टिळकांच्या हाती मुलांपर्यंत पोचायचं आणखी एक साधन होतं. मिशनचं ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक १८७३पासून निघत होतं, आणि टिळकांनी त्याचं संपादन केलं. शिवाय त्यांची भजनं. परदेशी चालींवर अडखळणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन दिलं. ‘उपासना संगीत’ हे मंडळीचं गीतांचं पुस्तक उघडलं की आजही पानापानावर ते भेटतात.

सांगलीकडची वाट निराळी. इथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं, आणि त्याचा भर हातातल्या कामावर. सांगलीच्या औद्योगिक आणि शेती शाळेत जॉन गोहीन यांनी मुलांना पुस्तकांबरोबर शेती आणि कारागिरी शिकवली. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या भागात आले. मिरजेचं इस्पितळ १८९४चं, आणि १८९७पासून तिथे तरुणांना वैद्यकीचं शिक्षण मिळू लागलं. खेड्यातून आलेला मुलगा डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून जखम धुवायला शिकायचा. गुरू कसा असावा, हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे.

त्याच सातारा जिल्ह्यात, टिळक गेले त्याच वर्षी, भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी त्यांचं बोर्डिंग उभं राहिलं. भाऊराव जैन घरातले, त्यांचा मार्ग पूर्ण वेगळा. पण पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडणाऱ्या त्यांच्या पत्नीचं नावही लक्ष्मीबाईच. या दोन्ही लक्ष्मीबाई नसत्या तर दरबार आणि बोर्डिंग कागदावरच राहिली असती, असं मी ठामपणे म्हणतो.

आता आजचं. रविवारी शब्बाथशाळा, वचनांचं पाठांतर, नाताळची नाटिका, मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी तरुण संघ. शिकवणारे बिनपगारी: आठवडाभर नोकरी करून रविवारी तक्ते घेऊन येणारे. लहानपणी उड्या मारत येणारा मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी मागच्या बाकावर सरकतो, मग बाहेर पायरीवर बसतो, मग येतच नाही. या वयात त्याला धड्यापेक्षा माणूस लागतो. क्रिकेटला सोबत येणारा, दहावीच्या गणितात अडल्यावर रात्री फोन उचलणारा, बापाशी भांडण झालं तर दोन दिवस घरी ठेवून घेणारा.

आणि बापांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मुलाला उपासनेला न्यायचं, वचन पाठ करून घ्यायचं, शिबिराची पिशवी भरायची, ही कामं बहुतेक घरांत आईवरच पडतात. बाप फाटकाशी मोटारसायकल थांबवतो आणि निघतो. त्याने आत येऊन मुलाशेजारी बसावं. एखाद्या शनिवारी तरुण संघाच्या चार पोरांना घरी जेवायला बोलवावं, त्यांतला एक तरी दुसऱ्याचा आणि अवघड असावा.

शेवटी पुन्हा टिळकांच्या घराकडे. देवदत्त टिळक, म्हणजे तोच दत्तू, मोठा झाल्यावर वडिलांचं चरित्र लिहायला निघाला आणि आठवणी लिहून दे म्हणून आईच्या मागे लागला. त्या आठवणींचीच ‘स्मृतिचित्रे’ झाली. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली.