तापमान लपवणारा रंग

स्टीलच्या चकचकीत पेल्यात गरम पाणी भरा, बाहेरून अर्ध्या भागाला काळी इन्सुलेशन टेप लावा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रोखा. टेपवर खऱ्या तापमानाच्या जवळचा आकडा येतो, उघड्या स्टीलवर कितीतरी कमी. पाणी तेच, पेलाही तोच. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये गरम पाण्याच्या घनाकृती डब्यावर हेच दाखवले होते : काळ्या बाजूकडून भरपूर उष्णता येते, घासलेल्या धातूकडून अगदी थोडी.

किरणांच्या रूपात उष्णता सोडण्याच्या पृष्ठभागाच्या या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. नेहमीच्या तापमानाच्या वस्तू १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक इन्फ्रारेड किरण सोडतात. हवा ३ ते ५ आणि ८ ते १४ मायक्रॉन या पट्ट्यांतले किरण बऱ्यापैकी आरपार जाऊ देते, म्हणून लष्करी थर्मल कॅमेरे तिथेच पाहतात. या पट्ट्यांत साधा पांढरा रंग काय, काळा काय, दोन्हींची उत्सर्जकता ०.९ च्या घरात असते. घासलेल्या ॲल्युमिनियमची ०.१ हूनही कमी. म्हणून थर्मल कॅमेऱ्यापासून लपवणाऱ्या रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण घालतात.

फरक किती पडतो? बाहेर ३० अंश असताना ६० अंशांचा पत्रा साध्या रंगात सुमारे ५७ अंशांचा दिसेल. उत्सर्जकता ०.२ वर आणली, तर ढोबळ गणिताने तोच पत्रा ३७ अंशांचा भासेल.

पण असा रंग बनवणे अवघड आहे. कण धरून ठेवणारे बहुतेक रेझिन ८ ते १४ मायक्रॉनमध्ये स्वतःच किरण शोषते आणि सोडते, त्यामुळे कणांवरचा थर पातळ ठेवावा लागतो. चकाकी मात्र डोळ्यांना दिसता कामा नये, म्हणून हिरवी-तपकिरी रंगद्रव्ये हवीत. ती वाढवली की उत्सर्जकताही चढते. वर चिखल-धूळ बसली, की कॅमेऱ्याला धुळीचेच तापमान दिसते.

खरी मेख पुढेच आहे. जो पृष्ठभाग कमी सोडतो, तो जास्त परावर्तित करतो. निरभ्र आकाश थर्मल कॅमेऱ्याला अतिशय थंड दिसते. रणगाड्याच्या सपाट माथ्यावर हा रंग लावला, तर त्यात ते थंड आकाश उमटते आणि कोमट जमिनीवर गार ठिपका उठून दिसतो. लपायचे म्हणजे थंड दिसायचे नव्हे, आजूबाजूसारखे दिसायचे.

शिवाय रंग उष्णता संपवत नाही. बाहेर न पडलेली उष्णता आतच साठते आणि पत्रा आणखी तापतो. म्हणूनच युद्धनौकांत एक्झॉस्टचा गरम वायू थंड हवेत मिसळून बाहेर सोडतात. आधी उष्णतेला वाट, मग इन्सुलेशन आणि शेवटी रंग, तोही प्रत्येक बाजूला काय परावर्तित होणार हे पाहून, हाच क्रम योग्य आहे. वाहन आखतानाच हा विचार झाला नसेल, तर नंतर चढवलेला लेप कितीही महाग असो, त्याचा उपयोग तोकडाच राहतो.