दुष्काळसंहिता आणि विणकराचा माग

ज्या ग्रंथांनी लक्षावधी माणसांच्या जगण्यामरण्याचा निवाडा केला, आणि तरीही वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात ज्यांचा नामोल्लेख सापडणार नाही, अशांमध्ये जुन्या मुंबई इलाख्याची दुष्काळसंहिता अग्रभागी ठेवावी लागेल. तिच्यात अलंकार नाहीत, करुणेचा शब्द क्वचितच आहे, आणि तिची भाषा जमाबंदीच्या हुकुमासारखी कोरडी आहे. परंतु पाऊस हुकल्यापासून पुढचे पीक हाती येईपर्यंत मामलेदाराने, पाटलाने, कुळकर्ण्याने आणि कलेक्टराने कोणत्या दिवशी काय करावे, हे आधीच लिहून ठेवावे, संकट दारात उभे राहिल्यावर तजवीज शोधत बसू नये, ही कल्पना आपल्याकडे राज्यकारभारात प्रथम रुजली ती या पोथीने. आज ज्याला आपत्ती व्यवस्थापन म्हणतात, त्या शास्त्राचे आपल्या भागातले मूळ दप्तर हेच होय.

बेळगाव जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरात म्हैसूर राज्यात गेला. तोपर्यंत तो मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता, म्हणून सातारा-सोलापूरची जी संहिता तीच त्याचीही होती. हा जिल्हा असा की, पश्चिमेला खानापुराकडे पावसाने माणूस कंटाळावा आणि पूर्वेला अथणी, गोकाक, परसगड या तालुक्यांत ढगांकडे पाहून डोळे शिणावेत. खुद्द बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये, बरेचसे पश्चिमेकडे झुकलेले. त्यामुळे त्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या खासबाग, शहापूर, वडगाव या विणकरांच्या वस्त्यांना अवर्षणाशी काय कर्तव्य, असे परक्याला वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. शेतकऱ्याचे पीक बुडाल्यावर तो पहिली काटछाट करतो ती लुगड्याधोतराची. त्यामुळे पूर्वेकडच्या बाजारात गिऱ्हाईक थांबले की सुताचा व्यापारी उचल देणे थांबवतो, आणि ज्याच्या शेतावर एक थेंबही कमी पडलेला नाही, किंबहुना ज्याला शेतच नाही, त्या विणकराचा माग शेतकऱ्याच्या चुलीआधी थंड पडतो. संहितेची खरी कसोटी मी या माणसावरून लावतो. शेतकऱ्याचा विचार तिने आरंभापासून केला होता, याचा विचार करायला तिला काळ लागला.

१८७६ साली पाऊस गेला तेव्हा अशी कोणतीही पोथी अस्तित्वात नव्हती. खानदेश, नगर, पुणे, सोलापूर, सातारा, कलादगी, बेळगाव, धारवाड अशा दख्खन व कर्नाटक भागात हाहाकार उडाला. मुंबई सरकारचा कल मोठी, टिकाऊ कामे काढून त्यांवर लोकांना लावण्याकडे होता; दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच काळात झाला, नीरेच्या डाव्या कालव्याचा आरंभही तेव्हाचाच. पण हिंदुस्थान सरकारला खर्चाची धास्ती होती. त्याने १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेम्पल यांना पाहणीसाठी धाडले, आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य व वर अगदी थोडी रोकड पुरे, असा हिशेब टेम्पलसाहेबांनी मांडला. मद्रासचे आरोग्य कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या रतिबावर माणूस जगत नाही असे स्पष्ट बजावले. मुंबई इलाख्यात तर उपाशी मजुरांनीच कामे सोडून त्याचे उत्तर दिले. हजारो लोक कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, जिचे सूत्रधार सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी होते आणि जिच्यामागे न्यायमूर्ती रानड्यांची बुद्धी होती, गावोगावची खबर मिळवून दुष्काळाचे वृत्तान्त सरकारपुढे ठेवले. माहिती गोळा करणे ही स्वतंत्र सेवा आहे, हे या सभेने सरकारच्या आधी ओळखले होते. दैव असे की, तेच टेम्पलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

त्या संहारानंतर १८७८ मध्ये सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ कमिशन बसले. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि १८८३ मध्ये तात्पुरती संहिता तयार होऊन प्रांतोप्रांती रवाना झाली. त्या नमुन्यावरून मुंबईसह प्रत्येक प्रांताने आपापली संहिता बेतली. तिचे चलनवलन सावकाश समजून घेण्याजोगे आहे. दुष्काळ आला हे कोणी ठरवायचे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर संहितेने लक्षणांत शोधले. धान्याचा भाव एकाएकी चढला, सावकाराने कर्ज देणे आखडले, गुरे मातीमोल विकली जाऊ लागली, माणसे निर्हेतुक भटकू लागली, चोऱ्या वाढल्या, की गावकामगारांनी वर कळवायचे. मग कलेक्टराने परीक्षाकामे काढायची: कष्ट जड, मजुरी बेताची, तरीही लोक लोटले तर संकट खरे, न आले तर हाकाटी खोटी. या परीक्षेत एक निष्ठुर शहाणपण आहे. कारण भुकेचा पुरावा माणसाच्या घामातच मागितला जात होता, आणि ज्याच्यात घाम गाळण्याची शक्तीच उरलेली नाही तो परीक्षेला बसणार कसा, याचे उत्तर वेगळ्या प्रकरणात, म्हणजे अशक्तांना घरपोच फुकट मदत देण्याच्या कलमांत, शोधावे लागे.

परीक्षा उतरली की मोठी कामे उघडायची. मजुरी पैशात ठरवलेली नसे. धान्याचा जो भाव असेल त्याप्रमाणे ती वरखाली होई, म्हणजे बाजार चढला तरी पोटात जाणारे धान्य तेवढेच राहावे. हा टेम्पलच्या रतिबाहून फार पुढचा विचार होता. प्रत्येक जिल्ह्यात कोणती कामे काढता येतील, याची यादी सुबत्तेच्या वर्षांतच तयार ठेवून वेळोवेळी ताजी करायची. सारा तहकूब केव्हा करावा, सूट केव्हा द्यावी, बीबियाणे व बैलांसाठी तगाई केव्हा वाटावी, हेही ठरलेले. पिकाची आणेवारी हा शब्द ज्या रयतेच्या तोंडी आजतागायत आहे, तिने तो याच व्यवहारातून उचलला. लोहमार्गांचा विस्तारही दुष्काळाच्या बंदोबस्ताचा भाग मानला गेला. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये उभी राहिली तीही याच विचाराने. तिची गाडी १८८७ मध्ये बेळगावात आली.

परंतु कपाटातली पोथी आणि लोकांच्या हाती आलेली पोथी यांत अंतर असते, हे १८९६-९७ च्या दुष्काळाने दाखवले. लोकमान्य टिळकांनी संहितेतली कलमे मराठीत आणून 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या पत्रकांतून रयतेपर्यंत पोहोचवली. ज्याला सारा भरणे शक्य नाही त्याने भांडीकुंडी विकून तो भरू नये, सरकारच्या स्वतःच्या नियमांनी त्याला सूट दिली आहे, असे ते सांगत होते. कायदा मोडा असे कोणी म्हणत नव्हते. कायदा वाचा एवढेच म्हटले जात होते. तरी ठाणे जिल्ह्यात सभेच्या प्रचारकांवर खटले झाले, आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारला आपल्याच पोथीचे मोठ्याने वाचन सोसवेना, याहून त्या पोथीच्या सामर्थ्याची दुसरी साक्ष मला ठाऊक नाही.

त्याच धामधुमीत टिळक सोलापुरास गेले. तिथे हजारो विणकर माग बंद करून बसले होते, आणि संहितेचे उत्तर एकच, खडी फोडा. विणकराची बोटे तंतूच्या स्पर्शावर जगतात. वर्षभर हातोडा धरलेला हात दुष्काळ सरल्यावर धोट्याकडे परतत नाही, म्हणजे माणूस वाचतो आणि धंदा मरतो. टिळकांनी स्थानिक व्यापारी व नगरपालिका यांच्या साहाय्याने विणकरांना त्यांच्या मागावरच काम देण्याची योजना सरकारपुढे मांडली. वायव्य प्रांताच्या सरकारने तशा तऱ्हेची योजना पत्करली होती, मुंबईने ती नाकारली. नकारामागे हिशेबापेक्षा रोषच अधिक असावा, असे मला वाटते. पुढे १८९८ च्या लायल कमिशनने आणि १९०१ च्या मॅक्डॉनेल कमिशनने विणकरांचा प्रश्न निराळा आहे हे मान्य केले, आणि जे सोलापुरात नाकारले गेले ते हळूहळू संहितेच्या अंगात मुरले.

संहितेचा एक मोठा दोष शेवटपर्यंत राहिला: दुष्काळ जाहीर झाल्याखेरीज ती जागी होत नसे. १९४३ मध्ये बंगालच्या सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही, आणि पोथी जागच्या जागी राहून माणसे लाखांनी मेली. उलट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात कामे इतक्या विस्ताराने निघाली की, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे त्यांवर होती, आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायद्यात बसली, तेव्हा जाहीरनाम्याची वाट न पाहता काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. त्या वेळी बेळगाव मात्र दुसऱ्या राज्यात होते.

आता या सीमाभागात अवर्षणाइतकेच पुराचे भय आहे, आणि पुराला परीक्षाकामांइतका अवधी मिळत नाही. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीच्या पुलावर चढून पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. कोयनेतून पाणी सोडण्याचा निर्णय एका राज्यात, अलमट्टीची पातळी दुसऱ्या राज्यात, आणि मधल्या गावांना दोन्ही कचेऱ्यांचे दूरध्वनी. जी व्यवस्था एके काळी साताऱ्यापासून धारवाडापर्यंत एकाच पोथीने चालत असे, तिच्यासाठी आज दोन सरकारांची बैठक बसावी लागते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्याला आराखडा करण्याचे बंधन घातले, ही गोष्ट चांगलीच आहे. पण असे किती आराखडे रयतेच्या भाषेत चावडीवर वाचले जातात, असे टिळक आज असते तर त्यांनी विचारलेच असते.

बेळगाव शहराच्या विणकर वस्त्यांतही २०१९ च्या त्या पावसात घराघरात पाणी शिरले, मागांचे नुकसान झाले. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत आज कारागिरांसाठी स्वतंत्र तरतूद आहे: मोडलेल्या उपकरणांसाठी निराळी मदत, गेलेल्या कच्च्या मालासाठी निराळी. सोलापूरच्या त्या नाकारलेल्या योजनेला सव्वाशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर म्हणायला हरकत नाही. फक्त तरतुदीचे शीर्षक हातमाग व हस्तकला असे आहे, आणि खासबागेत आज बहुतेक घरांतून ऐकू येतो तो यंत्रमागाचा खडखडाट. पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्याने तो कोणत्या रकान्यात लिहावा, हे पुढचा मृग लागण्यापूर्वी कचेरीने ठरवून, लिहून, खासबागच्या रविवारच्या बाजारात लोकांना दिसेल असे लावायला हवे.