विहिरीतील विष : कटाच्या कथा खऱ्या का वाटतात?

मोठे संकट कोसळले म्हणजे त्याचे कारण कळल्यावाचून मनुष्यास स्वस्थता लाभत नाही. कारण सापडेनासे झाले की तो कर्ता शोधू लागतो. अमुक लोकांनी गुप्तपणे संगनमत करून हे घडवून आणले, असे कोणी सांगितले म्हणजे विस्कळीत घटनांना एकदम अर्थ प्राप्त होतो. अशा कटाच्या कथा केवळ अज्ञ जनांनाच पटतात, असा समज आहे. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. त्या का पटतात व त्यांची पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

कारण अज्ञात, कर्ता तयार

इ. स. १३४७ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना बंदरात प्लेग उतरला आणि पुढील काही वर्षांत युरोपातील सुमारे एक तृतीयांश लोक त्याला बळी पडले. हा रोग कशाने होतो, हे तेव्हा कोणत्याही वैद्यास ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी हाँगकाँग येथे १८९४ साली शोधला, तर तो पिसवांमार्फत पसरतो हे सिमाँ यांनी १८९८ साली कराची येथे दाखविले. खरे कारण कळावयास अशी साडेपाच शतके लागली. कर्ता मात्र १३४८ मध्येच सापडला : ज्यूंनी विहिरींत विष कालविले! सॅव्हॉय प्रांतात पकडलेल्या ज्यूंचा छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले व ते पत्रांद्वारे इतर शहरांस धाडण्यात आले. अफवेला आता कागदाचे बळ मिळाले.

त्याच वर्षी पोप सहावे क्लेमेंट यांनी फर्मान काढून सांगितले की, ज्यूही याच रोगाने मरत आहेत आणि जेथे एकही ज्यू राहत नाही तेथेही साथ आहे. हा युक्तिवाद बिनतोड होता. पण तो ऐकला गेला नाही. स्ट्रासबुर्ग नगरात ज्यूंना संरक्षण देऊ पाहणाऱ्या शासकांना पदच्युत करण्यात आले आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. त्या दिवसापर्यंत साथ त्या नगरात पोहोचलीही नव्हती! ज्यूंची देणी मात्र बुडाली व त्यांची रोकड वाटून घेतली गेली.

दुःखाच्या कारणाचे अज्ञान, एका समाजाविषयी आधीच मुरलेला द्वेष आणि कथा खरी मानण्यात असलेला लाभ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुराव्याची गरज कोणास भासत नाही.

पाण्यावरून उठलेली अफवा आमच्या वाचकांस परकी नाही. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार, अशी हाकाटी गावात उठली. तसा कोणताही बेत नव्हता. तरीही परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. नगरपालिकेनेच खुल्या केलेल्या तळ्याचे पाणी पिणारे लोक कटवाले ठरले आणि लाठ्या चालविणारे धर्मरक्षक ठरले.

कट खरेही असतात

म्हणून कटाची प्रत्येक गोष्ट कपोलकल्पित समजावी काय? तसे मानणेही भाबडेपणाचेच होईल. 'उदान' या ग्रंथातील सुंदरीची कथा वाचकांस ज्ञात असेल. तथागतांचा वाढता सत्कार सहन न झालेल्या परिव्राजकांनी सुंदरीला वारंवार जेतवनात जावयास लावले, मग तिची हत्या करून प्रेत तेथेच पुरले आणि ते उकरून काढून श्रावस्तीच्या रस्त्यांतून भिक्षूंच्या नावाने ओरड करीत फिरविले. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. येथे कट खराच होता. मात्र तो रचणारेच आरोप करीत हिंडत होते.

अर्वाचीन काळातील उदाहरण अमेरिकेतील टस्कीगीचे आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे तेथील सरकारी आरोग्यसेवेने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना योग्य उपचाराविना ठेवून रोगाची वाटचाल न्याहाळली. पेनिसिलिन हे सर्वमान्य औषध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. त्यानंतर कृष्णवर्णीय समाज सरकारी दवाखान्याकडे संशयाने पाहू लागला, तर त्यास अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. ज्यांची वारंवार फसवणूक झाली, त्यांचा अविश्वास हा अनुभवातून आलेला असतो. परंतु याच अविश्वासाच्या जमिनीत खोटी कथाही झपाट्याने रुजते, हे विसरता कामा नये.

पारख कशी करावी?

टस्कीगीचे प्रकरण उघड झाले ते कागदपत्रांच्या, नावानिशी माहितीच्या आणि वृत्तपत्रीय शोधाच्या बळावर. विहिरीतील विषाची गोष्ट यातल्या कशावरच उभी नव्हती. उलट ज्यू स्वतः मरत असल्याचा पुरावाही तिने पचविला. म्हणून कोणतीही कथा पुढे आली असता, काय आढळले तर ही खोटी ठरेल, असा प्रश्न आपण विचारावा. ज्या कथेला यावर उत्तरच नाही, तिच्यापासून सावध राहावे. ती सांगणाऱ्याचा लाभ कशात आहे आणि आळ कोणावर येतो, हेही पाहावे.

कालामांना उपदेश करताना तथागतांनी जी कारणे अपुरी ठरविली, त्यांत 'इतिकिरा', म्हणजे 'असे म्हणतात' एवढाच आधार, हे एक आहे. आणि 'दिट्ठिनिज्झानक्खन्ति', म्हणजे आपल्या मताशी जुळते म्हणून मान्य करणे, हे दुसरे. पहिल्यापासून सावध राहणे सोपे असते. दुसरे अवघड, कारण तेथे आपलेच मन साक्षीदार होते. विरोधकाविषयी वाईट ऐकले की ते आपणास तपासावेसे वाटत नाही.

अन्यायाशी झगडणाऱ्या समाजास ही सावधगिरी अधिकच आवश्यक आहे. आमच्यावरील अन्याय खरे आहेत. त्यांना तारखा आहेत, साक्षीदार आहेत, कागद आहेत. त्यांच्या शेजारी एक जरी न तपासलेली कथा उभी केली, तरी तिच्याकडे बोट दाखवून बाकीचे सारे खोटे ठरविणारे टपलेलेच असतात. म्हणून आपल्या बाजूची कथा आपणच आधी तपासली पाहिजे.