वेगाचा हिशेब

व्यापार, सोयरीक, तीर्थयात्रा आणि मुलांचे शिक्षण या निमित्तांनी विदर्भातील कुटुंबांचे पुणे-मुंबईकडे सतत जाणे-येणे असते. या प्रवासाचे स्वरूप समृद्धी महामार्गाने पार पालटून टाकले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मेहकर आणि सिंदखेड राजा येथून बुलढाणा जिल्ह्यातील वाहने या मार्गावर चढतात. दुकान वाढवून रात्री निघायचे आणि सकाळी बाजारपेठेत उभे राहायचे, हा क्रम अनेक घरांत रूढ झाला आहे.

याच मार्गावर १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगानंतर दोष कोणाचा याची चर्चा होतेच आणि ती व्हायलाही हवी. परंतु वाहन, रस्ता आणि चालक कोणताही असो, प्रत्येक अपघातात निसर्गाचे काही नियम अटळपणे आपले काम करीत असतात. महाराष्ट्रातील नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील पहिलेच प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे. परीक्षेपुरते पाठ करून विसरले जाणारे हे प्रकरण प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचे आहे.

मांडीवरचे मूल

आयझॅक न्यूटन याने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. पहिला नियम असा, की बाहेरून बल लागल्याखेरीज स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने सरळ जात राहते. या गुणधर्मास जडत्व म्हणतात.

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा आत निवांत बसलेला प्रवासीही त्याच वेगाने धावत असतो. गाडी अडथळ्यावर आदळून थांबते; प्रवासी मात्र थांबत नाही. त्याला काच, समोरचे आसन किंवा पट्टा थांबवतो. पट्टा शरीराला गाडीशी बांधून ठेवतो आणि किंचित ताणला जाऊन थांबण्यास थोडा अधिक अवधी देतो. वरून सोडलेली कापडाची गाठ झेलताना हमाल हात आणि गुडघे खाली नेतो, त्यामागील तत्त्व हेच आहे. थांबण्याचा अवधी वाढला की आघात कमी होतो.

आता थोडा हिशेब पाहू जाता, ६० च्या वेगाने आदळलेली गाडी पुढचा भाग चेपत सुमारे ६० सेंटिमीटर अंतरात थांबली, असे धरले तर आतील प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या साधारण २३ पट बलाने अडवावे लागते. आईच्या मांडीवरचे १० किलोचे मूल त्या क्षणी सव्वादोन क्विंटलहून अधिक भाराचे होते. आईची माया कितीही मोठी असली, तरी कोणतेही हात हा भार पेलू शकत नाहीत. म्हणून लहान मुलासाठी गाडीत पक्के बांधलेले वेगळे आसन हवे. मागच्या आसनावरील व्यक्तीने पट्टा न लावल्यास तिचा हाच भार पुढे बसलेल्यांच्या पाठीवर जाऊन आदळतो. काचेजवळ सुटी ठेवलेली मालाची पेटीही या नियमाला अपवाद नाही.

दुप्पट वेग, चौपट ऊर्जा

गतिमान वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. या नियमाची सर्वांत भव्य साक्ष बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अवकाशातून आलेल्या पिंडाच्या आघाताने कठीण बेसाल्ट खडकात कोरले गेले. तो पिंड विवराच्या मानाने फारच लहान होता; सामर्थ्य होते ते त्याच्या वेगात. असे पिंड पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने शिरतात. हा वेग ताशी १२० च्या ३३० पट आहे. म्हणजे त्या वेगातील प्रत्येक किलो वस्तुमानात महामार्गावरील गाडीच्या एक लाख पटींहून अधिक ऊर्जा असते.

गाडीच्या बाबतीत ही ऊर्जा ब्रेकला पचवावी लागते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे मानून कोरड्या, चांगल्या रस्त्यावरील हिशेब असा येतो: ताशी ६० वेगाची गाडी सुमारे ४५ मीटरवर, ८० ची ६९ मीटरवर आणि १२० ची १३१ मीटरवर थांबते. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्म्याच्या आसपास येते. मग १२० ची गाडी थांबेपर्यंत १९० मीटर निघून जातात.

रात्री डिपरचा प्रकाश साधारण ४० ते ६० मीटर पोहोचतो. त्या प्रकाशात ८० च्या वेगाने जाणाऱ्याला दिसणारी वस्तू टाळण्याइतके अंतर हातात उरतच नाही. जिल्ह्यातील जुन्या रस्त्यांवर याचे गांभीर्य अधिक आहे. तेथे पहाटे बैलगाड्या आणि दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला किंवा पुढील मुक्कामी पायी निघालेले साधू-साध्वीही असतात.

गतीचे आणि स्थितीचे साहाय्य

जैन तत्त्वविचारात गतीला साहाय्य करणारे धर्मास्तिकाय आणि स्थितीला साहाय्य करणारे अधर्मास्तिकाय अशी दोन द्रव्ये सांगितली आहेत. पाणी माशाला ढकलत नाही, पण त्याच्या पोहण्याला आधार होते; वृक्षाची छाया पथिकाला थांबवत नाही, पण थांबणाऱ्याला आधार होते. ही द्रव्ये म्हणजे न्यूटनचे बल नव्हे. दोन्ही विचारांचे प्रश्नच वेगळे आहेत. तरीही गती आणि थांबणे या दोहोंना आधार लागतो, हे रस्त्यावर घर्षणाच्या रूपाने सहज उमगते. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण नसेल तर गाडी पुढे सरकणार नाही, आणि एकदा सरकली तर थांबणारही नाही.

हे घर्षण तळहाताएवढ्या चार ठिकाणी सामावलेले असते. हवा कमी असलेला टायर धावताना अधिक दबतो, पुनःपुन्हा वाकतो आणि तापतो. त्यात जादा माल, उन्हाळ्यातील तापलेले काँक्रीट आणि दीर्घकाळचा अखंड वेग यांची भर पडली की तो फुटण्याची भीती वाढते. हवा टायर थंड असतानाच मोजावी. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा त्याचे वय सांगतो: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा.

नफा आणि जोखीम

सरळ, निर्मनुष्य रस्ता चालकाला गुंगी आणतो. १२० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून शंभर मीटर जाणे. खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून घेतलेली थोडी विश्रांतीच उपयोगी पडते.

व्यापारी माणूस प्रत्येक व्यवहारात लाभ आणि जोखीम तोलून पाहतो. तोच तराजू येथेही लावता येतो. ३०० किलोमीटरच्या प्रवासात १०० ऐवजी १२० चा वेग ठेवल्यास अर्धा तास वाचतो. त्या बदल्यात आघाताची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. दिवसभर गादीवर बसून थकलेल्या माणसाने हा सौदा रात्री करावा का, याचा निर्णय चावी हातात घेण्यापूर्वी घरातच व्हावा.

पावले टाकताना पुढील भूमी पाहून, जीवांना जपून चालणे ही साधूंची ईर्यासमिती. दृष्टी जेवढी पोहोचते तेवढ्यातच थांबता येईल असा वेग ठेवणे, हे गाडी चालवणाऱ्या गृहस्थासाठी तिचेच रूप म्हणता येईल. दिसणारे अंतर आणि थांबण्याचे अंतर यांची सांगड घालणे, मागच्या आसनावरही पट्टा लावणे, मुलाला त्याच्या आसनात बसवणे, निघण्यापूर्वी टायर पाहणे आणि शक्यतो पहाटे, झोप पूर्ण करून निघणे यासाठी फारसा खर्च येत नाही. घरातील नववीच्या मुलाकडून हा हिशेब एकदा वहीवर सोडवून घेतला, तर त्याचा अभ्यासही होईल आणि वडिलांचा पाय आपोआप थोडा हलका होईल.