वाघाची वाट

खाण म्हटली की आम्हां रत्नागिरीकरांच्या डोळ्यांपुढे चिरेखाण येते. पण जुन्या जिल्ह्याचा जो दक्षिण भाग १९८१ साली सिंधुदुर्ग झाला, तेथे दोडामार्ग तालुक्यात कळणे गावी डोंगर फोडून लोहखनिज काढले गेले. तो डोंगर ओसाड नव्हता. कर्नाटकातील काळी नदीच्या रानातून निघून म्हादई, तिळारी, राधानगरी करीत चांदोली-कोयनेपर्यंत पोहोचणारी वाघाची वाट याच पट्ट्यातली!

वयात आलेला वाघ आईचा मुलूख सोडून स्वतःचा शोधू लागतो. मधले रान तुटले, तर २०१० साली स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात तो आपल्या पायांनी यावा कसा? खाणीचा खड्डा लहान असेल. पण सुरुंगांचे आवाज, ट्रकांची ये-जा आणि रात्रीचे दिवे दूरवरचे रान त्याला परके करतात.

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीस मनाई केली. २०२० साली तिळारीचे रान संवर्धनासाठी राखीव झाले. हे शुभचिन्हच.

वाचकहो, मी मराठीचा मास्तर. ‘वाट देणे’ आणि ‘वाट लावणे’ यांत अंतर एका क्रियापदाचे, एवढे मला कळते. वाघाला आपण पहिले द्यावे. दुसरे आपल्याला फार लवकर जमते.