ही मेमरी कुणाच्या नावावर?

आयआयटी मुंबईत एअरोस्पेस शिकवणारे प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं 'मायावी' हे मुक्त सॉफ्टवेअर हवेचा प्रवाह, तापमान अशा आकड्यांच्या ढिगाऱ्यातून त्रिमितीय चित्रं उभी करतं. आपण लिहितो पायथनमध्ये. चित्राचं जड काम 'व्हीटीके' ही सी प्लस प्लसमधली लायब्ररी करते. अडचण येते ती या दोघांच्या सांध्यात. एखादं ऑब्जेक्ट किती ठिकाणांहून धरून ठेवलं आहे याचा आकडा पायथन सांभाळतं आणि तो शून्यावर आला की जागा मोकळी करतं. व्हीटीकेही तसाच आकडा ठेवतं, पण आपला स्वतंत्र. एकाचा हिशेब दुसऱ्याला आपोआप कळत नाही.

दहा लाख दशांश संख्या न्यूमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या अ‍ॅरेत 80 लाख बाइट घेतात. व्हीटीकेला त्यांची नक्कल दिली तर जागा दुप्पट लागते, म्हणून मायावी शक्य तिथे नक्कल न करता मूळ जागेचाच पत्ता देतं. आता पायथनच्या बाजूचं फंक्शन संपलं, अ‍ॅरेचा आकडा शून्य झाला, आणि व्हीटीके अजून तीच जागा वाचतंय, तर? प्रोग्रॅम कोसळतो किंवा, याहून वाईट, भलतंच चित्र निमूट उमटतं. यावरचा उपाय मला फार मोलाचा वाटतो: मायावी त्या अ‍ॅरेचा एक संदर्भ स्वतःकडे राखून ठेवतं आणि व्हीटीकेतलं ऑब्जेक्ट नष्ट झाल्याची वर्दी मिळाल्यावरच सोडतं. पुनर्वापर सुरक्षित होतो तो मालकीची अशी चोख नोंद ठेवल्यामुळे.

मेमरी स्वस्त झाली, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. छोट्या अ‍ॅरेसाठी हे बरोबर आहे. तिथे खुशाल नक्कल करावी. पण हजारो टप्प्यांच्या गणितात दर टप्प्याला नक्कल केली की वेळही त्यातच जातो. मग सगळंच साठवून ठेवावं का? तेही नाही. व्हीटीकेच्या ऑब्जेक्टवरची पायथन-आवरणं मायावी पुन्हा वापरतं, पण ती दुबळ्या, म्हणजे पायथनच्या आकड्यात न मोजल्या जाणाऱ्या, संदर्भांनी धरतं. घट्ट धरली असती तर ती कधी सुटलीच नसती. खरा आक्षेप वेगळाच आहे. सीपायथन, म्हणजे पायथनचं नेहमीचं रूप, -5 ते 256 हे पूर्णांक एकदाच बनवून सर्वांना वाटतं, कारण ते बदलत नाहीत. अ‍ॅरे मात्र बदलतो. त्यातले आकडे जागच्या जागी बदलले तर व्हीटीकेला ते कळत नाही, आणि 'मॉडिफाइड' हा कॉल आपल्यालाच करावा लागतो. ही जबाबदारी लायब्ररी आपल्या डोक्यावरून उतरवत नाही. हा सगळा कोड खुला आहे. कुळगावातल्या घरी बसून पायथन शिकणाऱ्यालाही तो ओळीओळीने वाचता येतो.